कापडाची लिफ्ट

लिफ्टला मोगऱ्याचा वास येत होता.

राजनंदिनीनं एकदा नाकानं हवा ओढली, मग खात्री करायला परत एकदा ओढली. मोगराच. विंगेत कुणी गजरा माळला असेल म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं, तर तिथं फक्त स्पर्धेतल्या पुढच्या शाळेच्या नाटकातले मावळे ढाली घेऊन चिप्स खात बसले होते. ती पुढे झाली आणि लिफ्टच्या भिंतीला नाक लावलं. वास भिंतीतून येत होता.

लिफ्ट म्हणजे खरी लिफ्ट नव्हे. चार लोखंडी पाइप, वर आडव्या दांड्या आणि तीन बाजूंनी टांगलेलं राखाडी मांजरपाट. चौथी बाजू प्रेक्षकांसाठी उघडी. सोसायटीत लाईट जाते, लिफ्टमध्ये सात बायका अडकतात आणि त्यांच्यातल्या एकीच्या पिशवीत नातवाच्या केकसाठी घेतलेली मेणबत्ती निघते, अशी ही एकांकिका. लिहिली राजनंदिनीनं, बसवलीही तिनंच, आणि तेही दहावीच्या वर्षात! गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा जिचा आवाज मॅडमपर्यंत पोचत नसे, ती पोरगी आता सात जणींवर “एनर्जी कुठंय? एनर्जी!” म्हणून ओरडत होती, आणि कमाल म्हणजे सातही जणी ऐकत होत्या.

मेणबत्ती खरी हवी, हा हट्ट तिचाच. सेलवर चालणारी आणून पाहिली होती. पण तिच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पासपोर्ट फोटोसारखे दिसत. खऱ्या ज्योतीत चेहरे हलतात, सावल्या मोठ्या होतात, बारीक होतात, साधी शेजारीणसुद्धा काहीतरी लपवतेय असं वाटतं. राजनंदिनीला तेच हवं होतं.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक शरच्चंद्र जोगळेकर यांना मात्र ते अजिबात नको होतं. पहिल्या भेटीत त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं.

“मेणबत्ती खरी. कापड खरं. मुली तर खऱ्याच असणार. मग आगही खरीच लागेल, नाही का?”

“काका, आम्ही काळजी घेऊ ना.”

“ती सगळेच घेतात. बातमीतही तसंच छापून येतं.”

पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, जाता जाता म्हणाले, “कापडावर आगरोधक प्रक्रिया करून आणा. नीट तपासून आणा. आणि स्पर्धेच्या दिवशी त्याची पट्टी माझ्यासमोर पेटवून दाखवा. नाही पेटली, तर तुमची मेणबत्ती पेटवा.”

इथे रुपालीमावशी कामी आली. मावशी अकोल्याची, राजनंदिनीच्या आईची धाकटी बहीण. बिबवेवाडीत त्यांच्याकडेच राहायची आणि खराडीच्या पलीकडे एका कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. तिनं दोन पांढऱ्या पावडरी आणल्या, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड, त्या कोमट पाण्यात विरघळवल्या, आणि दोघींनी मिळून सगळं कापड बाथरूममध्ये भिजवून गच्चीवर वाळत घातलं. वाळल्यावर ते पापडासारखं कडक झालं, आणि जागोजागी पांढरी भुकटी दिसायला लागली.

मग एका शनिवारी मावशीनं तिला लॅबमध्ये नेलं. राजनंदिनी तर हरखूनच गेली. काचेचं दार असलेलं एक उभं कपाट, आत चिमट्यात धरलेली कापडाची लांबट पट्टी आणि तिच्या खालच्या कडेला बरोबर मध्ये येईल असा बारीक बर्नर.

“ज्योत बारा सेकंद लावायची,” मावशी म्हणाली, “आन् मंग काढून घ्यायची. खरी परीक्षा त्यानंतर. ज्योत काढल्यावर कापड स्वतःच्या जिवावर किती वेळ जळतं, ते पाहायचं. नुसतं धुमसतं किती वेळ, तेही पाहायचं. आन् शेवटी, करपलं किती लांब, ते मोजायचं.”

“म्हणजे पेटणं चालतं?”

“बाप्पा, कापडच हाय ते, दगड थोडाच! ज्योतीत कोणतंही कापड काळं पडतेच. पण ज्योत गेली की यानंही थांबलं पाहिजे. आपणहून चालत वर गेलं की नापास.”

पट्ट्या दोन प्रकारच्या होत्या, उभ्या धाग्याच्या वेगळ्या, आडव्या धाग्याच्या वेगळ्या, कारण एकच कापड दोन दिशांनी निराळं जळू शकतं. बर्नर लागला की पट्टीच्या टोकाला नारिंगी जीभ यायची, बर्नर हटला की पटकन मरायची. खाली काळा डाग, वर राखाडी कापड जसंच्या तसं. करपलेल्या कडेला मावशीनं छोटं वजन अडकवलं आणि पट्टी उचलली; कमजोर झालेला भाग टरकन फाटला आणि जिथं चांगला धागा आला तिथं थांबला. मग तेवढं फाटलेलं फूटपट्टीनं मोजलं. डोळ्यांना जेवढं काळं दिसतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं मावशीचं म्हणणं. सगळ्या पट्ट्या पास!

राजनंदिनी या सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. “स्लो मोशनमध्ये काय भारी दिसतंय गं मावशी!” मावशी त्याच वेळी बर्नर पुसत काहीतरी सांगत होती. राजनंदिनी म्हणाली, “हो हो.”

मावशी काय सांगत होती, ते तिला आत्ता, भिंतीला नाक लावून उभी असताना, शब्दन् शब्द आठवलं. हे मीठच हाय पोरी, पाण्यात विरघळून गेलेलं. पाणी लागलं की जसं आलं तसं निघून जाईल. शिवणाऱ्या बाईला सांग, धुवायचं नाही म्हणून.

सांगितलं होतं का तिनं? कापडाचा गठ्ठा घेऊन ती कर्वेनगरला सलोनीच्या घरी गेली होती, सलोनीच्या आईनं, सुहासिनीकाकूंनी, गरम थालीपीठ पुढे केलं होतं आणि राजनंदिनी तोंड भरून लिफ्टची मापं सांगत होती. बटणं कुठं, दार कुठं, मजल्यांचे आकडे केवढे. सगळं सांगितलं होतं. तेवढं एक सोडून.

“काय गं, आवडली का?” मागून काकूंचाच आवाज आला. काकू गळ्यात मोजपट्टी आणि साडीच्या पदराला चार सुया टोचून आल्या होत्या, स्पर्धा त्यांचीच असल्यासारख्या. “बघ, आठव्या मजल्याचा आकडाही केला वेगळा. लाल फेल्टचा.”

“काकू,” राजनंदिनी हळू म्हणाली, “हे धुतलंत का?”

“म्हणजे काय! कोरं कापड असंच टांगायचं? केवढी खळ होती त्याला! हात पांढरे झाले माझे. कोऱ्या मांजरपाटाची खळ काढावी लागते बाळा, तुमच्याकडे कोरंच वापरतात का? चांगलं दोन पाण्यांतून काढलं. आणि शेवटच्या पाण्यात ते मोगऱ्याचं लिक्विड घातलं. मऊ कसं लोण्यासारखं पडतंय बघ आता.”

खरंच मऊ पडत होतं. कडकपणाचा मागमूस नव्हता. राजनंदिनीनं बोटांनी घडी चुरगळली, बोटांना पांढरं काहीच लागलं नाही.

ती काही बोलणार, तेवढ्यात सलोनी धावत आली. सलोनीच ती मेणबत्तीवाली आजी. केसांना पावडर लावून, सुरकुत्या काढून तयार.

“नंदू, झालं! पास! जोगळेकरांनी स्वतः काडी लावली, विझली पण लगेच! म्हणाले, ‘आश्चर्य आहे, मुलांनी ऐकलं.’ त्यांच्याकडून हे म्हणजे फुल मार्क्स ना!”

“कुठली पट्टी दाखवलीस?”

“तुझ्या सॅकमध्ये उरलेला तुकडा होता ना, लॅबमधून आणलेला? तोच. लिफ्टचं कापड कशाला कापू? आईनं मारलं असतं मला.”

काकू हसल्या. सलोनी हसली. राजनंदिनीही हसली, पण ते हसू चेहऱ्यावर कुणीतरी सेफ्टी पिननं लावल्यासारखं होतं.

सगळ्यांच्या हिशेबानं काम झालं होतं. लॅबमध्ये पास, जोगळेकरांसमोर पास. जळलेली प्रत्येक पट्टी खरी होती, फक्त या लिफ्टची नव्हती. ही गोष्ट साऱ्या नाट्यगृहात एकट्या राजनंदिनीला माहीत होती.

तिनं मावशीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. लॅबमध्ये आत फोन नेत नाहीत, हेही तिला माहीत होतं.

स्टेजवर आधीच्या शाळेचं नाटक रंगात आलं होतं. टाळ्या आल्या. आता त्यांचा नंबर पुढचाच. तिनं स्वतःला समजवायला सुरुवात केली, आणि त्यात ती हुशार होतीच. सगळंच कसं धुऊन जाईल? थोडं तरी उरलं असेल. मेणबत्ती तर सलोनीच्या हातात, मध्यभागी. भिंत चांगली हातभर लांब. इतक्या तालमी झाल्या, एकदा तरी काही झालं का?

आणि मग तिला लिफ्टचा झटका आठवला. नाटकाच्या मध्यावर लिफ्ट एकदम हिसका देऊन थोडी खाली येते आणि सातही जणी डाव्या भिंतीवर आदळतात. तिनंच बसवला होता तो झटका. “धडकन पडा गं! कापड टांगलं की त्याला फुगवटा आला पाहिजे!” सातही जणी. मेणबत्तीसकट. आणि सलोनीच्या अंगावर आजीचं पातळ.

“नंदू, तू घामेजलीयस,” सलोनी म्हणाली. “डायरेक्टरनं टेन्शन घ्यायचं नसतं. द्यायचं असतं.”

बोललं तर काय होईल, तेही तिला दिसत होतं. जोगळेकर मेणबत्ती बंद करतील, कदाचित नाटकही. सत्यशीला मॅडम, ज्यांनी हिच्या शब्दावर मुख्याध्यापकांकडून परवानगी आणली होती, तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहतील. काकूंची तीन आठवड्यांची शिलाई. आणि शेवटी प्रश्न यायचाच, मावशीनं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. मग?

“काकू, कात्री द्या.”

“कशाला?”

“द्या ना.”

काकूंनी पिशवीतून कात्री काढून दिली, आणि राजनंदिनीनं डावी भिंत खालून उचलली आणि दुमडपट्टीच्या वरपासून वीतभर लांब पट्टी कापून घेतली. कर्र कर्र. काकूंच्या तोंडून असा आवाज निघाला, जणू त्यांचाच पदर कुणी कापला.

“अगं ए! वेड लागलंय का मुली? बोलायच्या आत कात्री!”

पण ती निघालीही होती. सलोनी मागे, सलोनीच्या मागे काकू, आणि काय झालं ते न कळून सत्यशीला मॅडमही.

जोगळेकर मागच्या अंगणात, बोअरच्या टाकीजवळ उभे होते. समोर वाळूची बादली होती आणि तिच्यात मघाच्या पट्टीचा काळा तुकडा खोचलेला.

“काका, ही पेटवून बघा.”

“झालं की मघाशी. मला काही तुमच्यासारखी आतषबाजीची हौस नाही.”

“मघाची पट्टी लिफ्टची नव्हती.” तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “म्हणजे कापड तेच होतं, पण न धुतलेलं. लिफ्टचं धुतलं गेलंय. धुतलं की ते औषध निघून जातं. मला मावशीनं सांगितलं होतं, मी काकूंना सांगायला विसरले.”

जोगळेकरांनी चष्मा खाली केला, पट्टी हातात घेतली, तिचा वास घेतला.

“मोगरा,” ते म्हणाले. “वा. चितेलासुद्धा चंदन लागतं म्हणा.”

मग त्यांनी पट्टीचं वरचं टोक सांडशीत धरलं, ती बादलीवर उभी टांगली आणि काडी ओढून खालच्या कडेला लावली. राजनंदिनी मनात मोजायला लागली. मावशी मोजायची तसं. एक, दोन, तीन.

चारपर्यंत ती पोचलीच नाही. ज्योत कापडाला लागली आणि काडीला सोडून वर निघाली. काडी तर जोगळेकरांनी केव्हाच बाजूला केली होती. आता कापड स्वतःच्या जिवावर जळत होतं. भराभर, न अडखळता, जिना चढणाऱ्या माणसासारखं. पिवळी ज्योत सांडशीपर्यंत आली तशी जोगळेकरांनी ती वाळूत खुपसली. वाळूतूनही धुराची एक रेघ बराच वेळ निघत राहिली. मोगऱ्याचा वास कुठल्या कुठे गेला.

काकूंनी सलोनीचा दंड पकडला होता. कधी पकडला, ते त्यांनाही कळलं नसावं.

“सात मुली आत,” सत्यशीला मॅडम म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

आतून टाळ्यांचा मोठा कडकडाट आला. आधीचं नाटक संपलं होतं. लगेच माईकवरून त्यांच्या शाळेचं नाव पुकारलं, तयारीला दहा मिनिटं.

“काका, नाटक रद्द नका करू,” सलोनी म्हणाली. सुरकुत्यांवरून तिच्या डोळ्यांतलं पाणी काळं होऊन आलं.

जोगळेकरांनी सांडशी बादलीच्या काठावर आपटली. “रद्द करायला मी काय परीक्षक आहे? मेणबत्ती किंवा कापड. दोन्हींपैकी एकच माझ्या स्टेजवर जाईल. दिग्दर्शक कोण आहे तुमचा?”

“मी.”

“मग सांगा. आणि जरा लवकर सांगा.”

सगळे तिच्याकडे बघत होते. कापड ठेवलं तर मेणबत्ती नाही, म्हणजे पासपोर्ट फोटोंसारखे सात चेहरे. मेणबत्ती ठेवली तर लिफ्ट नाही, नुसते चार पाइप. काकूंच्या पदराला टोचलेल्या सुया उन्हात चमकत होत्या. लाल फेल्टचा आठवा मजला तिला आठवला. काकूंच्या तोंडाकडे बघून बोलायचं, एवढं तिनं ठरवलं.

“काकू, सॉरी,” ती म्हणाली. “कापड काढायचं.”

काकूंचा चेहरा आधी आंबट झाला, मग त्यांनी सलोनीकडे पाहिलं, तिच्या पातळाकडे पाहिलं.

“काढायचं तर काढायचं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मुली हात लावू नका, ओरबाडून काढाल. मला स्टूल द्या. आणि बाई, यापुढे माझ्याकडे थालीपीठ खायला आलीस ना, तर आधी बोलायचं, मग खायचं.”

पुढची दहा मिनिटं कशी गेली ते राजनंदिनीला नीट आठवणार नव्हतं. काकू स्टुलावर, एकेक कडी काढतायत. सात मुली गोलात, घाबरलेल्या. राजनंदिनी मध्ये.

“ऐका. पाइप जिथं, तिथं भिंत. बाहेर बोटसुद्धा गेलं नाही पाहिजे. टेकायचं तर हवेला टेकायचं. लोकांना भिंत दिसली पाहिजे.”

“आणि झटका?” सलोनीनं विचारलं. “तेव्हा कशावर पडू?”

“पडूच नकोस. रेषेवर थांब.”

“थांबता आलं नाही तर?”

जोगळेकरांनी स्टेजचे मागचे आणि बाजूचे पडदे पार लांब सारले, झटक्याचा पत्रा वाजवायचं काम अंगावर घेतलं, स्वतः विंगेत वाळूची बादली आणि आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन उभे राहिले, आणि घंटा झाली.

अंधारात सलोनीनं काडी ओढली. ती मोडली. प्रेक्षकांत कुणीतरी खाकरलं. दुसरी काडी पेटली, मेणबत्तीला लागली, आणि सात चेहरे काळोखातून वर आले. हलणारे, लांबणारे, काहीतरी लपवणारे. हवं होतं तसंच. एरवी विंगेतून प्रत्येक वाक्य ओठांत पुटपुटणारी राजनंदिनी आज त्या ज्योतीशिवाय काहीच बघत नव्हती. काकू तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, काखेत कापडाची गुंडाळी. त्यांनी तिचं मनगट धरलं.

नाटक पुढे सरकत होतं. हशा आला, एकदा, दोनदा. मग जोगळेकरांनी ठरल्याप्रमाणे लोखंडी पत्र्यावर दणका दिला.

झटका.

सहा जणी रेषेवर गपकन थांबल्या, तळवे हवेला टेकवून, खरंच भिंतीला टेकल्यासारख्या. सलोनीचा पाय पातळात अडकला. ती डावीकडे कलली, खांदा पाइपला लागला आणि मेणबत्तीचा हात पाइपच्या पलीकडे हातभर बाहेर गेला. ज्योत आडवी झाली, निळी पडली, आणि जिथं डाव्या भिंतीचं कापड असायचं तिथं, रिकाम्या हवेत, परत सरळ उभी राहिली.

काकूंच्या बांगड्या राजनंदिनीच्या मनगटात रुतल्या. जोगळेकरांचा हात सिलिंडरवर होता. सलोनीनं हात आत घेतला. तिच्या बोटांवर मेण सांडलं होतं. ती पुढचं वाक्य विसरली होती.

“कोणाचं वाक्य आहे?” जोगळेकर पुटपुटले.

“तिचंच.”

“मग सांगा की तिला.”

राजनंदिनीनं नकारार्थी मान हलवली. इथून सांगितलेलं प्रेक्षकांनाही ऐकू गेलं असतं. सलोनी विंगेकडे बघत होती, मैत्रिणीकडे नाही, आईच्या काखेतल्या त्या राखाडी गुंडाळीकडे. मग तिनं ज्योतीभोवती दुसरा हात धरला, म्हातारीसारखी खोकली आणि नाटकात नसलेलंच वाक्य म्हणाली,

“मेलं, माझ्या पायावर कोणाचा पाय आहे हा?”

सगळं सभागृह हसलं. काकूंनी कोंडलेला श्वास सोडला. मनगट मात्र सोडलं नाही.